चौसष्ट बाइटांचा उतारा

तळहातावर मावेल एवढी हिरवी पाटी, तिच्या एका बाजूला यूएसबी आणि नेटवर्कच्या खोबण्या, पाठीमागे नखाएवढे मेमरी कार्ड आणि कोपऱ्यात दोन बारीक दिवे, एक लाल, एक हिरवा. संपूर्ण संगणक एकाच पाटीवर बसवलेल्या, म्हणजे सिंगल बोर्ड कॉम्प्युटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्राचे दृश्य रूप एवढ्यातच संपते. वीज जोडताच लाल दिवा लागतो, पाठोपाठ हिरवा दिवा कसलाही ताल न पाळता लुकलुकू लागतो आणि काही सेकंदांत पडद्यावर अक्षरांच्या ओळी वर सरकू लागतात. कधी मात्र लाल दिवा लागतो आणि त्यापुढे काहीच घडत नाही. पडदा काळाच राहतो, हिरवा दिवा एखाद्या वेळी चमकून विझतो, आणि समोर बसलेल्या माणसाला हे यंत्र मेले आहे, झोपले आहे की कशाची तरी वाट पाहत आहे हे कळायला मार्ग उरत नाही. त्यात हलणारा एकही भाग नसतो, घरघर नसते, जळका वासही येत नाही. या मौनाला मात्र आतून एक क्रम असतो, आणि यंत्र नेमके कोणत्या पायरीवर गप्प झाले हे ओळखण्यातच दुरुस्तीचा बहुतेक भाग खर्ची पडतो.

या जातीच्या यंत्रांत सर्वांत परिचित असलेले रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आले. केंब्रिजमध्ये इबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवले ते मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येईल असा संगणक असावा म्हणून. संगणकशास्त्राला येणाऱ्या विद्यार्थ्यांना यंत्राच्या पोटात हात घालण्याची सवय उरली नाही, ही त्यामागची खंत होती. पस्तीस डॉलरांच्या त्या पाटीवर कायमस्वरूपी साठवण जवळजवळ नव्हतीच. कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, वापरणाऱ्याच्या फाइली आणि यंत्राच्या साऱ्या आवडीनिवडी काढत्या-घालत्या कार्डावर राहत. पाटी स्वतः कोरी असे. मुलाने काहीही बिघडवले तरी कार्ड पुसून नव्याने भरले की यंत्र पुन्हा पहिल्या दिवसासारखे व्हावे, हा त्यातला हिशेब होता आणि तो उदार होता यात शंका नाही. मात्र त्याच हिशेबामुळे यंत्राची सगळी ओळख नखाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यात जाऊन बसली, आणि पुढे लोकांनी हीच खेळण्यातली पाटी घरातल्या नोंदी, छायाचित्रे, हवामानाची मोजमापे आणि पाण्याच्या मोटारीची वेळापत्रके सांभाळण्यासाठी वर्षानुवर्षे चालू ठेवली, तेव्हा पुसून नव्याने भरण्याचा तो सोपा उपाय सोपा राहिला नाही.

यंत्र जागे होण्याच्या क्रियेला बूट होणे म्हणतात. साध्या संगणकात मुख्य प्रोसेसर, म्हणजे गणिते करणारा मध्यवर्ती भाग, प्रथम जागा होतो. पहिल्या पिढ्यांच्या रास्पबेरी पायमध्ये हा क्रम उलटा होता, आणि तो समजल्याखेरीज पुढचे काहीच उलगडत नाही. त्याच्या ब्रॉडकॉम चिपमध्ये चित्रे रंगवण्यासाठी असलेला ग्राफिक्स प्रोसेसर आधी उठतो आणि मुख्य प्रोसेसर तोवर रोखून धरलेला असतो. चिपमध्येच कोरलेली एक चिमुकली आज्ञावली कार्डाचा पहिला भाग चाचपते, त्यात ‘बूटकोड’ नावाची फाइल शोधते आणि ती आपल्या आतल्या छोट्या कॅश मेमरीत ओढून घेते, कारण मुख्य मेमरी या वेळी सुरूच झालेली नसते. बूटकोड ती मुख्य मेमरी सुरू करते आणि ‘स्टार्ट’ नावाच्या फाइलीला हाक मारते. स्टार्ट उठून ‘कॉन्फिग’ नावाची साध्या मजकुराची फाइल वाचते, तीत सांगितल्याप्रमाणे पडद्याची व घड्याळी वेगाची मांडणी करते, लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा असलेला कर्नल मेमरीत उतरवते आणि सर्वांत शेवटी मुख्य प्रोसेसरला मोकळे करते. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीपासून या साखळीचा आरंभ पाटीवरच्या एका छोट्या चिपमध्ये हलवला गेला, तरी तिची प्रकृती बदलली नाही. तिच्यातल्या प्रत्येकाला फक्त पुढच्याचा पत्ता ठाऊक असतो. मागे काय घडले हे त्याला माहीत नसते, शेवटी काय घडायचे आहे याची कल्पना नसते, आणि पुढचा जागेवर सापडला नाही तर परत फिरून सांगायलाही कोणी उरलेले नसते.

म्हणून यंत्राला बोलण्यासाठी हिरवा दिवा उरतो. तो चार वेळा लुकलुकून थांबत असेल, आणि असेच पुन्हा पुन्हा करत असेल, तर स्टार्टची फाइल सापडली नाही असे समजावे. सात वेळा लुकलुकत असेल तर कर्नल सापडला नाही असे. ही सांकेतिक भाषा माहीत नसलेल्याला दोन्ही वेळी सारखेच हताश वाटते, पण माहीत असलेल्याच्या लेखी चार आणि सात यांत पुष्कळ अंतर आहे, कारण सातपर्यंत पोहोचलेल्या यंत्राचे कार्ड वाचले गेले आहे, त्यावरची सीमारेषा ओळखली गेली आहे आणि साखळीच्या दोन कड्या बिनतक्रार पार पडल्या आहेत. पडदा जोडलेला असेल तर आणखी एक खूण दिसते, सप्तरंगी चौकोनाची. अवघ्या चार ठिपक्यांचे एक चित्र ताणून पडद्याभर पसरवलेले असते, आणि ते दिसले की ग्राफिक्स प्रोसेसरने आपले काम केले, आता वाट कर्नलची, एवढा अर्थ त्यातून निघतो. जे यंत्र त्या चौकोनावरच अडकून बसते त्याचा दोष बहुधा कर्नलच्या फाइलीत असतो, कधी ती अर्धवट लिहिलेली असते, तर कधी दुसऱ्याच आवृत्तीच्या पाटीसाठी बांधलेली असते.

या साखळीतला कार्डाचा पहिला भाग म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. कार्डाला स्वतःला भाग नसतात. त्याच्या दृष्टीने पाचशे बारा बाइटांचे असंख्य सेक्टर एकापुढे एक मांडलेले असतात आणि त्यांना फक्त क्रमांक असतात. कुठे एक भाग संपला आणि दुसरा लागला हे ठरते ते अगदी पहिल्या सेक्टरमधल्या चौसष्ट बाइटांवरून. सोळा-सोळा बाइटांच्या चार नोंदी, प्रत्येक नोंदीत आरंभाचा क्रमांक, लांबी आणि त्या भागात कोणत्या पद्धतीची फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली मांडण्याची व्यवस्था, आहे हे सांगणारा एक बाइट, आणि सेक्टरच्या शेवटी ५५ व एए ही दोन बाइटांची खूण. पार्टिशनची, म्हणजे अशा भागांची, हीच कोष्टकपद्धती १९८३ मध्ये आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटर एक्सटीबरोबर रूढ झाली आणि आजही अशा पाट्यांच्या कार्डांवर मुकाट्याने चालते आहे. महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांना हे कोष्टक समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये, कारण त्यांच्या पेटीत सातबारा असतो. गाव नमुना सातमध्ये क्षेत्र आणि धारक, गाव नमुना बारामध्ये त्यावरचे पीक. पार्टिशनच्या नोंदीतही तेच, क्षेत्र कोठून कोठपर्यंत आणि आत काय लावले आहे. जमीन जागची हलत नाही, उतारा मात्र फाटतो, चुकतो, शिळा होतो; आणि उताऱ्यावर ज्वारी लिहिलेली असताना शेतात ऊस उभा असतो, तसा नोंदीतला बाइट एक पद्धत सांगतो आणि आत प्रत्यक्षात दुसरीच नांदत असते. चौसष्ट बाइट पुसले गेले की बत्तीस गिगाबाइटांचे कार्ड रिकामे दिसू लागते, वास्तविक त्यातले एक अक्षरही हललेले नसते. पहिल्या सेक्टरमधल्या हद्दी पुन्हा जशाच्या तशा लिहिता आल्या, तर सारे पीक पुन्हा दिसू लागते. टेस्टडिस्क नावाची आज्ञावली हेच काम करते: ती कोष्टकावर विश्वास न ठेवता कार्ड पहिल्यापासून चालत जाते, फाइल सिस्टीमच्या आरंभी असणाऱ्या ओळखखुणा शोधते आणि त्यांवरून जुने बांध कुठे असावेत हे सुचवते.

रास्पबेरी पायच्या कार्डावर असे दोन भाग असतात, आणि त्यांचा स्वभाव वेगळा असतो. पहिला लहान भाग फॅट पद्धतीचा. ही पद्धत १९७७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये फ्लॉपी डिस्कसाठी जन्मली. तिच्यात मालकी नाही, परवानग्या नाहीत, झालेल्या बदलांची रोजनिशी नाही. तरीही ती निवडली जाते, कारण चिपमध्ये कोरलेल्या चिमुकल्या आज्ञावलीला एवढेच वाचता येते, आणि कोणत्याही घरातल्या कोणत्याही संगणकावर ते कार्ड उघडून त्यातली मजकुराची फाइल बदलता येते. दुसरा मोठा भाग ईएक्सटी४ पद्धतीचा, २००८ च्या अखेरीस लिनक्समध्ये पक्का झालेला, रोजनिशी राखणारा. गंमत अशी की यंत्र सर्वांत आधी ज्या भागावर विसंबते तोच दोहोंत अधिक दुबळा असतो. कर्नलची नवी आवृत्ती त्याच फॅट भागात लिहिली जाते, आणि ती लिहिली जात असताना वीज गेली तर जुनी फाइल पुसलेली आणि नवी अर्धीच, असे दृश्य उरते आणि हिरवा दिवा सातचा पाढा म्हणू लागतो.

विंडोज चालवणाऱ्या संगणकात हे कार्ड घातले की आणखी एक गफलत घडते, आणि तिच्यात किती कार्डे बळी गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. विंडोजला पहिला भाग कळतो, दुसरा कळत नाही. म्हणून ते सौजन्याने विचारते की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करावी लागेल, करू का? घाबरलेला माणूस होकाराचे बटण दाबतो, कारण यंत्र बिघडले आहे आणि दुसरे एक यंत्र मदत देऊ करत आहे असे त्याला वाटते. संगणकाच्या इतिहासात अज्ञानाचे इतके नम्र उद्गार थोडेच असतील.

कर्नल मेमरीत उतरल्यावर दिव्याची भाषा संपते आणि अक्षरांची सुरू होते. पण इथे अडचण नव्या रूपात येते. कर्नलला आता ‘रूट’ हवा असतो, म्हणजे ज्याच्या आत सारी फाइलींची रचना उगवते तो मोठा भाग, आणि तो कुठे आहे हे त्याला फॅट भागातल्या ‘सीएमडीलाइन’ नावाच्या फाइलीतून कळते. या फाइलीत एकच ओळ असावी लागते. कोणी समजायला सोपे जावे म्हणून तिचे दोन भाग केले, तर दुसरी ओळ वाचलीच जात नाही, आणि वाचनीयतेच्या हौसेपायी यंत्र बंद पडते. त्या ओळीत रूटचा पत्ता बहुधा पार्टयूयूआयडी या रूपात दिलेला असतो: पार्टिशनच्या कोष्टकाच्या किंचित आधी असलेला चार बाइटांचा डिस्कचा ओळखक्रमांक आणि त्यापुढे भागाचा अनुक्रम. भागांची हद्द मागेपुढे करण्याच्या नादात एखादे साधन नवे कोष्टक लिहिते आणि त्याबरोबर ओळखक्रमांकही नवा घालते. मग सारे भाग जागच्या जागी, साऱ्या फाइली सुखरूप, आणि तरीही कर्नल जुन्याच क्रमांकाच्या शोधात. नव्या आवृत्त्यांत कर्नलच्या मदतीला आधी एक छोटी तात्पुरती प्रणाली मेमरीत उतरते, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. तो क्रमांक कुठेच अस्तित्वात नाही असे सांगून ती एक ओसाड आज्ञापटल समोर ठेवते. ज्याला ठाऊक असते तो तिथेच उपलब्ध भागांची यादी मागतो, खरा क्रमांक पाहतो आणि कार्ड दुसऱ्या संगणकात घालून ती एक ओळ दुरुस्त करतो. ज्याला ठाऊक नसते तो कार्ड नव्याने भरतो.

मदतनीस प्रणाली नसेल तर कर्नल पॅनिक येते. नावात घबराट असली तरी तो कर्नलचा अत्यंत संयमी निर्णय असतो: पुढे गेल्यास नुकसान होईल, म्हणून इथेच थांबतो. रूट भाग जोडता आला नाही अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर राहते आणि तिच्या शेवटी कंसात दोन आकडे असतात, ज्यांकडे बहुतेकांची नजर जातच नाही. ते शून्य आणि शून्य असतील तर सांगितलेल्या नावाचे उपकरणच कर्नलला ओळखता आले नाही: पत्ता चुकला, कार्डाचा चालक म्हणजे ड्रायव्हर मिळाला नाही, किंवा कार्ड वेळेवर दिसले नाही. ते १७९ आणि २ असतील तर गोष्ट अगदी निराळी. लिनक्समध्ये १७९ हा अशा कार्डांना दिलेला क्रमांक आहे आणि २ हा दुसरा भाग. म्हणजे कर्नल दारापर्यंत पोहोचला आहे, दार उघडता आलेले नाही, फाइल सिस्टीमच्या मुखपृष्ठाला, तिच्या सुपरब्लॉकला, इजा झाली आहे किंवा तिची पद्धत कर्नलला येत नाही. न सापडणे आणि सापडूनही न वाचता येणे हे दोन वेगळे दोष आहेत. पहिल्यात पत्त्याची शुद्धलेखनचिकित्सा करायची असते. दुसऱ्यात कागदपत्रांचा जीर्णोद्धार. घाईत दोन्हींना एकच औषध दिले जाते आणि पुष्कळदा ते औषधच नंतरचा आजार ठरतो.

सीएमडीलाइनच्या त्याच एका ओळीत ‘रूटवेट’ असा एक शब्द असतो आणि तो वगळून पाहण्यासारखा आहे. कार्डाला जागे व्हायला काही क्षण लागतात. कर्नल त्याहून वेगवान असतो. हा शब्द नसेल तर तो दारावर एकदा थाप मारतो आणि कोणी उघडत नाही असे पाहून पॅनिकमध्ये जातो, वास्तविक कार्ड पुढच्याच क्षणी जागे होणार असते. शब्द असेल तर तो थांबतो. पण पत्ताच खोटा असेल तर तो थांबूनच राहतो, कारण किती काळ थांबावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अलीकडच्या कर्नलांत त्या वाट पाहण्याला मर्यादा घालण्याची सोय आहे, तरी मूळ पेच सुटलेला नाही: उशिरा येणारा आणि कधीच न येणारा, यांच्यात वाट पाहणाऱ्याला फरक करता येत नाही.

लिनक्सच्या जन्मकथेतही एका पार्टिशनच्या नाशाला मानाचे स्थान आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९९१ मध्ये हेलसिंकीतला विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स आपल्या यंत्रावर अँड्र्यू टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही प्रणाली वापरत होता आणि शेजारी स्वतःची प्रणाली वाढवत होता. विद्यापीठाच्या संगणकाशी जोडणी करण्यासाठी मोडेमला द्यायच्या आज्ञा त्याने चुकून हार्ड डिस्कच्या नावावर पाठवल्या. युनिक्सच्या परंपरेत प्रत्येक उपकरण हे फाइलीसारखेच एक नाव असते, त्यामुळे त्या नावाने काहीही लिहिता येते आणि लिहिणाऱ्याला कोणी अडवत नाही. मिनिक्सच्या भागावरचा मजकूर असा बिघडला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने आपल्याच अर्धवट प्रणालीवर राहायचे ठरवले. तो भाग शाबूत राहिला असता तर पुढे काय झाले असते, असल्या प्रश्नांना अर्थ नसतो. परंतु चुकीच्या नावावर लिहिणे ही लिनक्सच्या घराण्यातली जुनी चूक आहे. कार्डावर प्रतिमा उतरवणारी डीडी ही आज्ञा आजही एका अक्षराच्या फरकाने कार्डाऐवजी घरातली मुख्य डिस्क पुसते आणि काम यशस्वी झाल्याचे आकडे शांतपणे दाखवते.

कोष्टकाच्या बाहेरही कार्डावर काही असते, आणि तिथे कोणी लक्ष देत नाही. ऑलविनर कंपनीच्या चिपवर चालणाऱ्या ऑरेंज पाय, बनाना पाय यांसारख्या अनेक पाट्या फॅट भाग शोधतच नाहीत. त्यांची चिप कार्डाच्या आरंभापासून आठ किलोबाइटांवर थेट उडी मारते आणि तिथे यू-बूट या बूटलोडरचा, म्हणजे कर्नलला उठवणाऱ्या आज्ञावलीचा, पहिला तुकडा ठेवलेला आहे असे गृहीत धरते. ही जागा पहिल्या पार्टिशनच्या आधीची, कोणाच्याही नावावर नसलेली. फाइलींची यादी करणाऱ्या कोणत्याही आज्ञेला ती दिसत नाही, दोन्ही भागांची जपून नक्कल केली तरी ती नकलेत येत नाही, आणि मोठ्या डिस्कांसाठी निघालेली जीपीटी ही आधुनिक कोष्टकपद्धती वापरली तर तिच्या नोंदी नेमक्या त्याच जागेवरून पसरतात आणि बूटलोडर गाडला जातो. फाइली सगळ्या आहेत, भाग सगळे आहेत, तरी यंत्र उठत नाही. असे कार्ड निव्वळ याद्यांवर भरवसा ठेवणाऱ्या माणसाला फार छळते.

बिघाडाचे मूळ मात्र पुष्कळदा इतके सूक्ष्म नसते. रास्पबेरी पायला पाच व्होल्टांच्या आसपास वीज लागते, ती ४.६३ व्होल्टांच्या खाली गेली की अनेक आवृत्त्यांत लाल दिवा विझतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह उमटते. जुना मोबाइलचा चार्जर आणि लांब, बारीक वायर या जोडीने तेवढी घट सहज होते. यंत्र सुरू होते, कार्ड वाचते, मग एखादी यूएसबी डिस्क फिरू लागताच दाब कोसळतो आणि लिहिणे अर्ध्यावर तुटते. माणूस मात्र फाइल सिस्टीमला दोष देत बसतो. महाराष्ट्राच्या गावोगावी भारनियमनाचा जो दीर्घ अनुभव आहे त्यात यंत्राला निरोप न देता वीज जाणे ही रोजची घटना होती, आणि या पाटीला बॅटरी नसते. ईएक्सटी४ची रोजनिशी अशा वेळी उपयोगी पडते: बदल करण्याआधी तो नोंदवून ठेवायचा, आणि उठल्यावर अर्धवट नोंदी पुऱ्या करायच्या किंवा सोडून द्यायच्या, हा तिचा रिवाज. तेवढ्यानेही भागले नाही तर एफएससीके ही तपासनीस आज्ञा चालवावी लागते, आणि ज्या फाइलींचे नाव हरवले, पण अंग शिल्लक आहे, त्यांना ती लॉस्ट अँड फाउंड नावाच्या कप्प्यात नेऊन ठेवते. तिथे त्यांना फक्त एक क्रमांक मिळतो. आतला मजकूर उघडून ही कोणाची म्हणून ओळख पटवण्याचे काम माणसाकडे येते, आणि त्याइतके कंटाळवाणे, तरीही मधूनच हृद्य होणारे काम दुरुस्तीत दुसरे नसते.

मुखपृष्ठच फाटले असेल तर त्याच्या नकला असतात. ईएक्सटी४ बांधणाऱ्यांनी सुपरब्लॉकच्या प्रती भागभर पेरून ठेवल्या आहेत. चार किलोबाइटांच्या ब्लॉकांची सर्वसाधारण मांडणी असेल तर पहिली नक्कल ३२७६८ व्या ब्लॉकवर मिळते, आणि तपासनीसाला तो आकडा सांगितला की तो तिथून वाचू लागतो. हा आकडा लिनक्सची दुरुस्ती करणाऱ्यांच्या बोटांवर असतो. पण कोणतीही आज्ञा मूळ कार्डावर चालवण्याआधी त्याची सेक्टरवार पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे आणि शस्त्रक्रिया त्या प्रतिमेवर करणे, ही शिस्त जितकी सांगितली जाते तितकी पाळली जात नाही. डीडीरेस्क्यू ही आज्ञा याच कामासाठी आहे: ती आधी सहज वाचता येणारे सारे उचलते आणि हट्टी जागांकडे नंतर वळते, कारण मरणाऱ्या कार्डाकडे किती श्वास उरले आहेत हे कोणाला माहीत नसते. दुरुस्तीच्या साधनांना दुरुस्त करण्याची फार घाई असते, आणि त्यांनी केलेला चुकीचा तर्क कार्डावर लिहिला गेला की मूळ पुरावाच राहत नाही.

या सगळ्याच्या खाली आणखी एक थर आहे, आणि तो कार्डाच्या आत आहे. कार्डात एक स्वतंत्र नियंत्रक चिप असते. फ्लॅश मेमरीचे कप्पे ठरावीक वेळा पुसल्यावर झिजतात, म्हणून ती लिहिण्याचे काम सगळ्या कप्प्यांत फिरते ठेवते आणि कोणता सेक्टर प्रत्यक्षात कोठे आहे याचे स्वतःचे कोष्टक राखते. म्हणजे ज्या सेक्टर क्रमांकांवर पार्टिशनच्या हद्दी उभ्या आहेत ते क्रमांकही कोणीतरी दिलेलीच नावे आहेत, आणि त्यांच्या मागची खरी जागा ना कर्नलला दिसते, ना दुरुस्ती करणाऱ्याला. बनावट कार्डे याच अंधाराचा फायदा घेतात. आत थोडीच मेमरी असताना चौपट सांगतात आणि मर्यादा ओलांडली की काही कार्डे नवीन मजकूर निमूटपणे आरंभीच्या मजकुरावर लिहू लागतात. आयुष्य संपत आलेल्या कार्डाचे वागणे तर याहून विलक्षण असते. ते लिहिण्याची प्रत्येक विनंती स्वीकारते, झाले म्हणून सांगते आणि प्रत्यक्षात काहीच लिहीत नाही. तपासनीस साऱ्या चुका सुधारून जातो, यंत्र पुन्हा सुरू होते आणि त्याच चुका जागच्या जागी असतात. पुसलेली फाइल परत दिसते, बदललेली ओळ पुन्हा जुनी होते. दुरुस्ती करणारा स्वतःवरच संशय घेऊ लागतो. वास्तविक कार्डाने आपल्या परीने एक निर्णय घेतलेला असतो, आहे तेवढे वाचू देण्याचा, आणि तो निर्णय वाईट नसतो. फक्त त्याने तो कोणाला कळवलेला नसतो.

पडदा न जोडता वापरल्या जाणाऱ्या पाटीसाठी शेवटचा आधार म्हणजे सिरियल कन्सोल. पाटीवरच्या चाळीस खिळ्यांपैकी आठव्या आणि दहाव्या खिळ्याला, आणि जवळच्या जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, खिळ्याला, तीन वायरी जोडून दुसऱ्या संगणकावर सेकंदाला १,१५,२०० बिटांच्या वेगाने अक्षरे वाचता येतात, विद्युतदाब ३.३ व्होल्टांचाच असावा लागतो, पाचचा चालत नाही. वेग नेमका जुळला नाही तर पडद्यावर निव्वळ चिन्हांचा कचरा येतो. जुळला तर कर्नलच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारे क्रमाने दिसते, आणि एफएसटॅब नावाच्या यादीत नोंदवलेली, पण केव्हाच काढून नेलेली एखादी यूएसबी डिस्क शोधण्यात प्रणाली दीड मिनिट थांबून मग आणीबाणीच्या अवस्थेत कशी गेली, तिथे परवलीचा शब्द मागायला हवा तर मुख्य खातेच कुलूपबंद असल्याने तिने आपल्याच मालकाला आत कसे घेतले नाही, हेही वाचायला मिळते. त्या यादीतल्या संबंधित ओळीत ‘नोफेल’ एवढा एक शब्द आधी घातलेला असता तर हे घडलेच नसते.

दुरुस्त झालेले यंत्र मग उठते आणि आपल्या नोंदवहीत, लॉगमध्ये, बूट झाल्याची वेळ लिहिते. ही वेळही सहसा खरी नसते, कारण पाचव्या आवृत्तीच्या आधीच्या पाट्यांवर वीज नसताना चालणारे घड्याळच नसते. बंद होताना साठवलेली वेळ त्या पुन्हा उचलतात आणि नेटवर्क मिळेपर्यंत तिच्यावरच चालतात, आणि तीही साठवलेली नसेल तर भारतीय प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या पहाटे साडेपाचला उठतात. नोंदवही असते रूट भागावर. जितक्या वेळा तो भाग जोडलाच गेला नाही तितक्या वेळा लिहायला वहीच उघडलेली नव्हती. म्हणून चारचे लुकलुकणे, सातचे लुकलुकणे, कर्नल पॅनिक, चुकलेला ओळखक्रमांक यांतले काहीही तिच्यात सापडत नाही. शेवटची जुनी नोंद आणि पहिली नवी नोंद एकमेकींना चिकटून असतात, मधल्या काळाची फट घड्याळाने केव्हाच बुजवलेली असते. जे घडले त्याचा मजकूर असलाच तर तीन वायरींच्या दुसऱ्या टोकाला, कोणत्या तरी दुसऱ्या संगणकावर, कोणी तो वेळेवर साठवून ठेवला असेल तर.